चुकणाऱ्या मुलीची तालीम

६ जानेवारी

स्टाफरूममध्ये सगळ्यांचा मिळून एक टॉवेल आहे. त्याचा मधला भाग इतका कडक झाला आहे की तो आता दुमडत नाही, मोडतो. बेसिनच्या जाळीत चहाचा चोथा अडकलेला असतो आणि पाणी वर येऊन थांबतं. मला सगळ्यात किळस कशाची येत असेल तर या पाण्याची. पण हात धुवावेच लागतात, कारण खडू, आणि इतरही कारणं.

आज मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खोलीत बोलावलं. महिनाअखेर तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. शाळेतर्फे एकच पाठ दाखवायचा आणि तो माझा. "तुम्ही तात्पुरत्या आहात. साहेबांचा शेरा चांगला आला की मी तुम्हाला कायम करून टाकते. माझा शब्द," असं त्या म्हणाल्या. बोलताना जिभेने बोट ओलं करून त्या उत्तरपत्रिकांची पानं उलटत होत्या. त्याच बोटाने त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मी बाहेर येऊन परत हात धुतले.

एवढे जुने शिक्षक असताना त्यांनी मला निवडलं. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे असाच याचा अर्थ होतो. घरी सांगितल्यावर बाबांनी एकच विचारलं, "कायम म्हणजे मग कुणाला काढता येत नाही ना तुला?" मी म्हटलं, सहजासहजी नाही. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली. 'सहजासहजी' म्हणजे नक्की किती, हे मी त्यांना समजावू शकले नाही. मलाही माहीत नाही.

७ जानेवारी

धडा मोठ्या बाईंनीच ठरवून दिला. वर्गमुळाची समीकरणं, नववी अ. "हा पाठ दिसतो छान," त्या म्हणाल्या. "पायऱ्या असतात. मधे एक चूक येते. मग वर्ग ती पकडतो. साहेबांना चूक पकडलेली फार आवडते."

उदाहरण मी निवडलं: वर्गमुळात क्ष अधिक सात, बरोबर क्ष वजा पाच. दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा, सगळं एका बाजूला आणायचं, अवयव पाडायचे. क्षच्या दोन किमती येतात, नऊ आणि दोन. मूळ समीकरणात नऊ घातले तर दोन्हीकडे चार येतात. दोन घातले तर डावीकडे तीन आणि उजवीकडे वजा तीन. म्हणजे दोन हे उत्तर नाही, ते वर्ग करताना आत शिरलेलं आहे. म्हणून शेवटी ताळा करायचा.

मग मोठ्या बाईंनी पाठ कसा बसवतात ते सांगितलं. इथे तपासणीचा पाठ नाटकासारखा बसवतात. पायरी कोण सांगणार, फळ्यावर कोण येणार, 'बाई, एक शंका आहे' असं कोण म्हणणार, सगळं आधी ठरतं. आणि चूक कोण करणार तेही. चूक करणारी एकच. तिने उभं राहून सांगायचं की नऊ आणि दोन ही दोन्ही उत्तरं आहेत. मग पहिल्या बाकावरची हुशार मुलगी म्हणणार, "बाई, ताळा करून बघूया का?"

मला हे घाणेरडं वाटलं. पण मी विचारलं ते असं, की चूक करणारी कोण. माझं तोंड आणि मन कधी एका वेळी चालत नाहीत.

"शेवटची," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिला शोभेल."

शेवटची म्हणजे हजेरीत शेवटचं नाव आणि शेवटच्या बाकावर एकटी बसणारी. सगळी शाळा तिला तसंच म्हणते. फी माफीवर आहे. तिच्या शेजारी कुणी बसत नाही. तिच्या दप्तराला, केसांना, वह्यांना एक वास आहे. तो कशाचा ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहायची गरज नाही.

८ जानेवारी

भूगोलाच्या सरांना मधल्या सुट्टीत विचारलं, दरवर्षी असंच चालतं का. ते पेनाचं टोपण चावत बसतात. टोपणाला आता आकार उरलेला नाही, आणि बोलताना ते काढून टेबलावर ठेवतात, ओलं.

"दरवर्षी," ते म्हणाले. "गेल्या वर्षी माझा पाठ होता. एक पोरगा उभा राहून म्हणाला, सूर्य पश्चिमेला उगवतो. साहेब खूश."

"पण शेवटचीच का?"

"चूक करायला नेहमी अशीच लागते जिला नाही म्हणता येत नाही. मोठ्या बाई बरोबर हेरतात. पाठ घेणारीसुद्धा." एवढं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले.

हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. आम्हाला हसणं त्यांना चहासारखं लागतं, दिवसातून चार वेळा. टोपण परत तोंडात गेलं.

१० जानेवारी

पहिली तालीम. सगळ्यांचं पाठ आहे. फक्त शेवटचीचं अडलं.

"आता तू सांग, क्षच्या किमती किती?"

"नऊ."

"आणि?"

"आणि काही नाही, बाई."

वर्ग हसला. मी सांगितलं, तू नऊ आणि दोन म्हणायचं, तुझं वाक्य तेच आहे. ती म्हणाली, "पण बाई, डावीकडे वर्गमूळ आहे ना. ते कधी वजा नसतं. मग उजवीकडचं क्ष वजा पाच पण वजा असून चालणार नाही. म्हणजे क्ष पाचाच्या खाली येतच नाही. मग दोन कुठून आणू?"

मी म्हटलं, आधी वर्ग करायचा असतो, हे सगळं नंतर. ती म्हणाली, "बरं बाई." पण तिला खरंच दोन कुठून आणायचे ते कळत नव्हतं. तिच्या डोक्यात ते येतच नाहीत.

घरी येऊन बराच वेळ माझ्या डोक्यात ते घोळत राहिलं. मी इतकी वर्षं ताळा करत आले तो भीतीने. आमच्या बाई म्हणायच्या, ताळा नाही केला तर एक गुण गेला. तो गुण जाऊ नये म्हणून. दुसरं उत्तर मुळात का येतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. तीनचा वर्ग नऊ आणि वजा तीनचाही नऊ. वर्ग केला की वजा पुसला जातो आणि परक्या समीकरणाचं उत्तर आपल्यात येऊन बसतं. एवढंच आहे ते. पदवी घेऊन मला ते आज कळलं, तेही शेवटच्या बाकावरून. मला तिचा राग आला. राग हा शब्द बरोबर नाही. शिसारी आली, पण कुणाची ते सांगता येत नाही.

१३ जानेवारी

मोठ्या बाई तालीम बघायला आल्या. शेवटची "नऊ आणि" एवढं म्हणून अडकली. त्या गोड हसल्या, बोट ओलं करून तिच्या गालावरची खडूची रेघ पुसली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला तयार करा. शाळा सुटल्यावर थांबवा. साध्या चुकीला एवढे दिवस लागतात का?"

त्या गालावर ओल चमकत होती. शेवटची ती पुसत नव्हती.

१५ जानेवारी

रोज शाळा सुटल्यावर थांबवते. मुलीला चुकायला शिकवणं म्हणजे काय ते कुठल्या पुस्तकात नाही. मी तिला सांगितलं, तू उजव्या बाजूकडे बघूच नकोस. वर्ग कर, अवयव पाड, जे येईल ते सांग. विचार करायचा नाही.

"विचार नाही करायचा म्हणजे कसं, बाई?"

"म्हणजे थांबायचं नाही. थांबलीस की तुला कळतं."

तिने ते अगदी मनावर घेतलं. आज ती न थांबता म्हणाली, "नऊ आणि दोन, बाई, दोन्ही उत्तरं आहेत." आणि माझ्याकडे पाहिलं. मी "छान" म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आजवर तिला कुणी छान म्हटलं नसावं, कारण तिचे कान लाल झाले.

मग ती बोलायला लागली. तिची आई साबणाच्या कारखान्यात कढईवर आहे, चरबी वितळवतात तिथे. कारखान्यात एक पांढऱ्या कोटातल्या बाई येतात, काचेची नळी कढईत बुडवून वर उजेडात धरतात आणि काही न बोलता जातात. त्यांना म्हणे कुणी ओरडत नाही. शेवटचीला तसं व्हायचं आहे. "त्याला अ तुकडीचंच गणित लागतं ना, बाई?" मी म्हटलं, हो, क तुकडीचं सामान्य गणित चालत नाही.

ती जवळ उभी होती. तो वास. साबण बनवणाऱ्यांच्या अंगाला साबणाचा वास कधीच नसतो हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. मी खिडकी उघडली आणि सांगितलं, उकडतंय.

२० जानेवारी

आज एक वाईट गोष्ट झाली. जशी झाली तशीच लिहिते.

शेवटचीची आई शाळेत आली होती. मला वाटलं तक्रार असेल. ती आभार मानायला आली होती. साहेबांसमोर बोलायला आपली मुलगी निवडली म्हणून. केस ओले करून विंचरलेले होते, तरी वास होताच. "काय बोलायचंय तिला? ती सांगतच नाही. म्हणते बाईंनी सांगायचं नाही म्हणून सांगितलंय."

"उत्तर द्यायचं आहे," मी म्हणाले. हे खोटं नाही. खरंही नाही.

"नीट देईल ना?"

"तिला चांगलं जमतंय."

तेवढ्यात भूगोलाचे सर आणि मोठ्या बाई व्हरांड्यात आले. शेवटचीची आई माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही आमच्या कढईवरच्या दादांची मुलगी ना? तोच चेहरा. दादा सारखं सांगत असतात, माझी पोरगी शाळेत बाई आहे."

मी म्हणाले, "नाही. ते दुसरे कुणी असतील."

ती ओशाळली. "माफ करा हां," म्हणाली. दोनदा म्हणाली. मोठ्या बाई तिला "या, या" करत फाटकापर्यंत घेऊन गेल्या आणि परत येताना नाकाला रुमाल लावून आल्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. आपण दोघी एका बाजूच्या, अशी. मीही हलवली.

बाबांचे कारखान्याचे कपडे आमच्याकडे दाराबाहेर बादलीत असतात. आत आणायचे नाहीत हा नियम मी शाळेत लागल्यावर केला. आज मी बादलीला वळसा घालून आत गेले. रोजच घालते, पण आज घातलेला लक्षात आला.

२३ जानेवारी

जेवताना बाबा म्हणाले, "ती कढईवरची विचारत होती, दादा, तुमची पोरगी कुठल्या शाळेत? माझ्या पोरीच्या बाई तर नाही म्हणाल्या. मी सांगितलं, ती पलीकडच्या वस्तीतल्या शाळेत आहे. तुझी मुलगी जिथे जाते तिथे नाही."

मी विचारलं, असं का सांगितलंत. ते म्हणाले, "तू काहीतरी विचार करूनच बोलली असशील ना." आणि भात वाढून घेतला.

त्यांनी मला एका शब्दाने बोलायला हवं होतं. आई मधे म्हणाली, "जेवा आता, ताटात गार होतंय." मी उठून चूळ भरली आणि परत येऊन बसले.

२८ जानेवारी

पाठ झाला. क्रमाने लिहिते.

साहेब उशिरा आले. आधी मोठ्या बाईंच्या खोलीत चहा. साहेबांचं बिस्किट चहात बुडवताना तुटलं, ते त्यांनी बोटांनी काढलं. टेबलावरचा चुरा मोठ्या बाईंनी तळहातावर गोळा केला आणि कुठे टाकावा न सुचून मूठ मिटून तशाच बोलत राहिल्या. मग सगळे वर्गात.

मी फळ्यावर समीकरण लिहिलं. पायऱ्या ठरल्याप्रमाणे आल्या. पाठ केलेली शंका आली. साहेब जांभई दाबत होते. मग मी विचारलं, क्षच्या किमती किती, आणि शेवटची उभी राहिली.

"नऊ आणि दोन, बाई. दोन्ही उत्तरं आहेत." अजिबात न थांबता.

हुशार मुलीने हात वर केला, पण साहेबांनी तिला बसवलं. ते जागे झाले होते. शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले. "दोन कसं गं?"

हे बसवलेलं नव्हतं. शेवटचीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, अगदी थोडी. ती 'सांग' म्हणून हलवली की 'सांगू नकोस' म्हणून, ते मी अजून ठरवू शकले नाही. तिने मात्र ठरवलं.

"अवयव पाडले की जे येतं ते उत्तरच असतं, साहेब."

"दोन घालून बघ. डावीकडे काय येतं?"

"नऊचं वर्गमूळ."

"ते किती?"

"तीन." मग माझ्याकडे एकदा बघून, "नाहीतर वजा तीन. जे लागेल ते घ्यायचं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी लिहून घेतलं. मग हुशार मुलीने ताळा केला, वर्गाने "दोन चुकीचं" असं एका सुरात म्हटलं, मी निष्कर्ष लिहिला, घंटा झाली. मोठ्या बाईंनी व्हरांड्यात माझा हात दाबला. शेवटची दाराशी उभी होती. मी डस्टर शोधत राहिले. डस्टर हातातच होतं.

३० जानेवारी

शेरा आला. मोठ्या बाईंनी वाचून दाखवला. पाठ उत्तम, मांडणी नेटकी, शिक्षिकेस कायम करण्यास हरकत नाही. आणि खाली: शेवटच्या बाकावरील विद्यार्थिनीची मूलभूत समज कच्ची आहे. तिला सामान्य गणिताच्या तुकडीत पाठवून तसं कळवावं.

"सोमवारपासून क तुकडीत," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी म्हणाले, "तिला येतं."

"मग वर्गात चुकली का?"

त्या माझ्याकडे अगदी निर्मळपणे बघत होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पाहिली आहेत. यांनी तर ताक मागितलंच नव्हतं, असा चेहरा. मी एवढंच म्हणाले, की तिला एकदा तुमच्यासमोर विचारा. त्या म्हणाल्या, "तुमच्या समाधानासाठी विचारू."

कायम झाल्याचं घरी अजून सांगितलेलं नाही.

१ फेब्रुवारी

मोठ्या बाईंच्या खोलीत, मधल्या सुट्टीत. मी, त्या, आणि भूगोलाचे सर, जे सही घ्यायला आले होते आणि मुद्दाम रेंगाळले. मी शेवटचीला बोलावलं. कशासाठी ते दारात सांगायला हवं होतं. मला वाटलं, आधी सांगणं म्हणजे पेपर फोडणं. मला ते अप्रामाणिक वाटलं.

कागदावर नवं समीकरण दिलं. वर्गमुळात क्ष अधिक तीन, बरोबर क्ष वजा तीन. तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. क्षणभर तिचे डोळे उजव्या बाजूवर थांबले, म्हणजे तिला कळलं. मग तिने झरझर वर्ग केला, अवयव पाडले.

"सहा आणि एक. दोन्ही उत्तरं आहेत."

मोठ्या बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. भूगोलाच्या सरांनी तोंडातलं टोपण काढलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

मी तिला घेऊन बाहेर आले. ती माझ्या मागे मागे येत हळूच म्हणाली, "या वेळी अडखळले नाही ना, बाई? साहेबांच्या वेळी थोडं झालं होतं. पण आता जमलं."

मला बेसिनपर्यंत पोचता आलं नाही. व्हरांड्याच्या कडेला, कुंडीत ओकले. ती पाणी घेऊन आली.

मग मी परत आत गेले आणि सांगितलं, हे मी तिला शिकवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. पाठ मीच नाही का बसवला? पण शेरा कागदावर आहे. त्याप्रमाणे केलं असं मला कळवावं लागतं. मुलगी हुशार आहे की मठ्ठ, हे कोण विचारतंय? तुम्हाला तो शेरा काढून घ्यायचाच असेल तर साहेबांकडे जा. मी अडवणार नाही." मग बोट ओलं करून पुढचं पान.

३ फेब्रुवारी

साहेबांच्या कचेरीत गेले. बाकावर बसणाऱ्यांच्या डोक्यांनी भिंतीवर तेलकट पट्टा उठला आहे. मी टेकले नाही.

सगळं सांगितलं. कोण काय बोलणार होतं, कोण चुकणार होतं, तिला किती दिवस चुकायला शिकवलं, मी हलवलेली मान.

ते दात कोरत ऐकत होते. "पाठ बसवलेला होता हे सांगायला एवढ्या लांब आलात? सगळेच बसवलेले असतात. मी काय काल नोकरीला लागलो? तुमच्या पाठात ती एक मुलगीच मला खरी वाटली. बाकी सगळी पोपटं. म्हटलं, चला, एक तरी खरोखर चुकली. म्हणून तर तुम्हाला चांगलं लिहिलं."

"तिच्याकडून बाकीच्यांपेक्षा जास्त पाठ करून घेतलं होतं."

"कौतुक आहे मग."

मी म्हणाले, तिच्याबद्दलचा शेरा खोडा. ते म्हणाले, "शेरा एका पाठाचा असतो. पाठ खोटा म्हणून तिचं खोडलं तर तुमचं कशाच्या जोरावर ठेवू? खोडायचं तर अख्खं पान. मग तुम्ही तात्पुरत्या, आणि तात्पुरत्यांचं काय करायचं ते तुमच्या मोठ्या बाई ठरवतील. घरी विचारून या."

मला बाबांचा प्रश्न आठवला, 'कुणाला काढता येत नाही ना तुला.' मला फार भीती वाटली. हे धैर्य होतं असं कुणी म्हणू नये म्हणून लिहून ठेवते. मला त्या खोलीतून, त्या भिंतीपासून, त्या काडीपासून लवकर सुटायचं होतं, आणि 'खोडा' म्हटल्याशिवाय सुटता येत नव्हतं.

"खोडा," मी म्हणाले.

त्यांनी काडी राखदाणीत टाकली आणि रेघ मारली. फार सरळ मारली नाही.

४ फेब्रुवारी

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. "तुम्ही फार हळव्या आहात. शिक्षकी पेशा तुम्हाला झेपायचा नाही. सत्र संपलं की आपण मोकळे." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मी मागे सरकले. त्यांना ते दिसलं. आज माझ्या हातून एवढंच बरं झालं.

घरी सांगितलं. बाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"म्हणजे काढलं."

"सत्र संपल्यावर."

"आणि ती पोरगी?"

"अ तुकडीतच राहिली."

त्यांनी गुडघा चोळला. आई म्हणाली, "लोकाच्या पोरीसाठी." बाबा तिला म्हणाले, "तू थांब जरा." मग मला, "मग त्या कढईवरच्या बाईला आता सांगू का, तू माझीच म्हणून?"

"सांगा."

"नक्की? नाहीतर परत तू कुठे नाही म्हणशील, आणि मी दोनदा खोटा पडेन."

मी म्हटलं, नाही म्हणणार. ते उठून बाहेर गेले आणि बादलीतले कपडे पिळायला लागले. मी गेले नाही. जायला हवं होतं का ते कळत नाही. वास घरात येत होता आणि मला अजूनही मळमळत होतं. हे बदलेल असं मला वाटलं होतं. बदललं नाही.

६ फेब्रुवारी

नववी अ, तिसरा तास. वर्गमुळाची समीकरणं परत घेतली, कारण ती मी शिकवलीच नव्हती. फळ्यावर तेच समीकरण लिहिलं, क्ष अधिक सात आणि क्ष वजा पाच, आणि विचारलं, क्ष किती. हुशार मुलीने सवयीने हात वर केला. मी शेवटचीला उठवलं.

ती उभी राहिली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. उत्तर शोधत नव्हती. आज कुठलं हवं आहे ते शोधत होती. मी तोंड फळ्याकडे फिरवलं, म्हणजे तिला वाचायला काही मिळू नये. वर्गात कुणीतरी खुदखुदलं आणि थांबलं. खडू माझ्या घामाने ओला झाला होता.

"बाई," मागून आवाज आला, "आज कुणी येणार आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "कुणी येणार नाही."

"मग नऊ," ती म्हणाली, आणि खाली बसली.